घरातल्या घरात फाइल कॉपी व्हायला १६ तास का लागतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला दुमजली रो-हाउस. फायबर खाली हॉलमध्ये येतं, तिथे मेशचं, म्हणजे घरभर मिळून एकच वायफाय देणाऱ्या दोन बँडच्या (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) संचाचं, मुख्य युनिट. दुसरं युनिट जिन्याच्या वरच्या टोकाला. तिसरं वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत, जिथे एडिटिंगचं टेबल आहे. नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा डबा, त्याच खोलीत, तिसऱ्या युनिटला केबलने जोडलेला. एका लग्नाचं शूटिंग साधारण ४०० जीबी. लॅपटॉपला लावलेल्या यूएसबी ३ च्या एसएसडीवरून ते नॅसवर टाकायला घेतलं की वेग सेकंदाला ७ मेगाबाइटच्या आसपास रेंगाळतो, क्वचित ५० पर्यंत चढतो आणि पुन्हा खाली येतो. हॉलमध्ये फोनवर स्पीडटेस्ट केली तर २०० च्या प्लॅनवर १९० दिसतात. लाइनवाले म्हणतात लाइन उत्तम आहे, मेश विकणारा म्हणतो नवा संच घ्या.

नवा संच आत्ता घेऊ नका. मी पुण्यात पंधराएक वर्षं घरांची आणि छोट्या स्टुडिओंची नेटवर्कं लावतो आहे, आणि अशा तक्रारींमध्ये संच बदलून प्रश्न सुटल्याचं फार कमी वेळा पाहिलं आहे. तुमच्या प्रश्नातच उत्तराचा मोठा भाग दडलेला आहे, तो म्हणजे ७ आणि ५० हे दोन आकडे.

आधी एककांचा घोळ मिटवू. प्लॅनमधले २०० हे मेगाबिट असतात, कॉपीच्या खिडकीत दिसणारे ७ हे मेगाबाइट. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे तुमचे ७ मेगाबाइट म्हणजे ५६ मेगाबिट. या वेगाने ४०० जीबीला जवळपास १६ तास लागतात. ५० मेगाबाइटने सव्वादोन तास. आणि गिगाबिट केबलवर, जिथे प्रत्यक्षात ११० च्या आसपास मिळतात, साधारण एक तास. तुम्ही एक तासाच्या कामासाठी अख्खी रात्र लॅपटॉप चालू ठेवता आहात.

स्पीडटेस्ट इथे उपयोगाची नाही. तुमची फाइल इंटरनेटवर जातच नाही. ती घरातल्या एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाते. हॉलमधली स्पीडटेस्ट सांगते की फोन ते हॉलमधलं युनिट आणि तिथून बाहेर, एवढा रस्ता मोकळा आहे. मागच्या खोलीतल्या नॅसपर्यंतचा रस्ता तिने पाहिलेलाच नाही.

आता त्या दोन आकड्यांकडे वळू. अडथळा एखाद्या तारेत, पोर्टमध्ये किंवा यूएसबीत असेल तर वेग एका आकड्याला चिकटून बसतो. केबलमधली एक तार तुटली असेल तर ११-१२ मेगाबाइट, सकाळीही तेवढेच आणि रात्रीही तेवढेच. यूएसबी २.० ची डिस्क असेल तर ३० ते ४०. वेग ७ वरून ५० वर आणि परत ७ वर येतो, तेव्हा प्रत्येक वेळी रस्ताच बदलत असतो. नॅस, त्याची डिस्क, त्याची केबल यांनी ५० देऊन दाखवले आहेत, त्यामुळे त्यांच्यावरचा संशय बराचसा दूर ठेवता येतो. राहिली हवा, आणि त्या हवेतून लॅपटॉप कोणाशी बोलतो आहे हा प्रश्न.

माझा अंदाज असा. तुम्ही दिवसा लॅपटॉप हॉलमध्ये वापरता, मग तो तसाच चालू स्थितीत वर घेऊन जाता आणि कॉपीला लावता. लॅपटॉप मात्र हॉलमधल्या युनिटला सोडत नाही. लोकांची समजूत असते की मेश आपल्याला आपोआप जवळच्या युनिटवर ढकलतं. खरं म्हणजे कुठलं युनिट धरायचं आणि कधी सोडायचं हे शेवटी लॅपटॉप किंवा फोन ठरवतो. ८०२.११ के आणि व्ही ही वायफायची मानकं त्याला ‘तिकडे चांगला सिग्नल आहे, बघ’ एवढं सुचवतात, आणि आर मुळे बदल पटकन होतो. जुना वायफाय ड्रायव्हर असेल तर तो सिग्नल अगदी क्षीण होईपर्यंत जुन्या युनिटला धरून बसतो.

तसं झालं तर फाइलचा प्रवास बघा. लॅपटॉप आणि नॅस एकाच टेबलावर आहेत. डेटा मात्र टेबलावरून स्लॅबमधून खाली हॉलमध्ये जातो, तिथून जिन्यावरच्या युनिटकडे, तिथून परत मागच्या खोलीतल्या युनिटकडे, आणि मग केबलने नॅसमध्ये. हवेतून तीन उड्या. तुमच्यासारख्या दोन बँडच्या संचात लॅपटॉपशी बोलणं आणि युनिटांचं आपसातलं बोलणं सहसा ५ गिगाहर्ट्झच्या एकाच चॅनलवर चालतं. वायफायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. म्हणून उड्यांचे वेग एकमेकांना पूरक ठरत नाहीत, त्यांचा वेळ मात्र बेरजेत जातो.

हिशेब करून पाहू. समजा लॅपटॉप ते हॉल हा स्लॅबपलीकडचा टप्पा प्रत्यक्षात १३० मेगाबिट देतो, हॉल ते जिना २५०, आणि जिना ते मागची खोली १५०. हे आकडे मी गृहीत धरले आहेत, पण अशा घरात ते याच पट्ट्यात येतात. १००० मेगाबिट पाठवायला पहिल्या टप्प्यात ७.७ सेकंद, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात ६.७. एकूण १८.४ सेकंद. म्हणजे सेकंदाला ५४ मेगाबिट, पावणेसात मेगाबाइट. तुमचा ७ चा आकडा इथून येतो. कुठलाच टप्पा एकेकटा वाईट नाही, तरी तिन्ही मिळून १६ तास खातात.

आणि लॅपटॉपने खोलीतलं तिसरं युनिट धरलं, की हवेतली एकच उडी उरते. बहुतेक संचांमध्ये एकाच युनिटवरची दोन उपकरणं एकमेकांशी तिथल्या तिथेच बोलतात, डेटा मुख्य युनिटपर्यंत जाऊन येत नाही. दोन अँटेनांचा वायफाय ५ चा लॅपटॉप जवळून ८० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर ८६६ मेगाबिटची जोडणी दाखवतो. दाखवलेल्या वेगाच्या निम्म्याच्या थोडं वर प्रत्यक्षात हाती लागतं, बाकीचा वेळ पोचपावत्या, वाट पाहणं आणि पुन्हा पाठवणं यात जातो. म्हणजे ४५० मेगाबिटच्या आसपास, ५० ते ५५ मेगाबाइट. तुमचा दुसरा आकडा.

हा अंदाज आज रात्रीच तपासता येईल. लॅपटॉप टेबलावर ठेवा, मेशच्या अॅपमध्ये उपकरणांच्या यादीत जा आणि तो कुठल्या युनिटखाली दिसतो ते पाहा. विंडोजमध्ये वायफायच्या जोडणीच्या माहितीत लिंक स्पीड दिसतो, मॅकवर ऑप्शन कळ दाबून वरच्या वायफाय चिन्हावर क्लिक केलं की सिग्नलची ताकदही दिसते. ती उणे आकड्यांत असते. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत चालतं, उणे ७५ च्या पलीकडे गेलं की मोठ्या फाइलचं काम करू नये. टेबलापासून दोन मीटरवर युनिट असताना उणे ७२ दिसत असेल तर लॅपटॉप दुसऱ्याच कुणाशी बोलतो आहे हे उघड झालं. मग लॅपटॉपचं वायफाय बंद करा, दहा सेकंदांनी सुरू करा, पुन्हा पाहा. युनिट बदललं, लिंक वाढला आणि कॉपी ५० वर गेली, तर रोग सापडला.

कॉपीच्या खिडकीतल्या पहिल्या काही सेकंदांवर विश्वास ठेवू नका. सुरुवातीला डेटा मेमरीत साठत असतो आणि आकडा फुगलेला दिसतो. ५ जीबीची एकच मोठी फाइल घ्या, अर्धं मिनिट जाऊ द्या, मग आकडा लिहून ठेवा. हे लिहून ठेवणं फार महत्त्वाचं आहे. माणसं दोन तास वेगवेगळ्या गोष्टी बदलत राहतात आणि शेवटी कशाने काय झालं ते सांगता येत नाही.

दुसरी शक्यता २.४ गिगाहर्ट्झची, आणि ती पहिलीला जोडूनच येते. स्लॅबपलीकडून ५ गिगाहर्ट्झ क्षीण झालं की लॅपटॉप हॉलच्या युनिटचं २.४ धरतो. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. शेजारच्या सगळ्या रो-हाउसांचे राउटर, वायफायचे कॅमेरे, सगळे तिथेच. त्यात तुमच्या कामात एक खास अडचण आहे. तुम्ही यूएसबी ३ च्या एसएसडीवरून कॉपी करता. यूएसबी ३ ची उपकरणं आणि त्यांच्या केबली नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरवतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. म्हणजे एरवी बरा चालणारा लॅपटॉप डिस्क लावून कॉपी सुरू केली की नेमका तेव्हाच रडतो. डिस्क जाड, धातूचं आवरण असलेल्या केबलने जोडून लॅपटॉपपासून हातभर लांब ठेवा, आणि ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झला पसंती द्या. इंटेलच्या कार्डात तिथेच युनिट बदलण्याची तत्परता वाढवण्याचाही पर्याय असतो, तो मधल्यावरून एक पायरी वर न्या. अगदी वरच्या टोकाला नेलात तर लॅपटॉप उगाचच इकडून तिकडे उड्या मारू लागतो.

पण खरं सांगू का, तुमच्या जागी मी असतो तर हे सगळं तपासून समजून घेतलं असतं आणि कामासाठी तरी वायफायचा नाद सोडला असता. नॅस आणि टेबल एकाच खोलीत आहेत, तिसऱ्या युनिटला बहुधा आणखी एक पोर्ट मोकळा आहे. तीन मीटरची कॅट ६ केबल घ्या आणि लॅपटॉप सरळ त्याला जोडा. पोर्ट मोकळा नसेल तर पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच घ्या आणि नॅस, लॅपटॉप, युनिट तिघंही त्यात खोचा. लॅपटॉपला केबलची जागा नसेल तर यूएसबीचा गिगाबिट अडॅप्टर लागेल. दुकानात तो यूएसबी ३ चा आहे आणि गिगाबिट आहे या दोन्ही गोष्टी खोक्यावर वाचूनच घ्या, कारण तसेच दिसणारे १०० मेगाबिटवालेही शेजारीच टांगलेले असतात. हे केलंत की फाइल हवेत जातच नाही. एक तासात शूटिंग नॅसवर.

केबल जोडल्यावर ११० ऐवजी ११-१२ वर वेग अडकला तर जोडणी १०० मेगाबिटवर झाली आहे. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. एखादी तार तुटली किंवा टोकाला क्लिप करताना नीट बसली नाही तर बऱ्याचदा जोडणी बंद पडत नाही, ती गुपचूप १०० वर उतरते. कोथरूडच्या एका घरात मी दोन दिवस मेशची सेटिंगं उलटसुलट करत होतो. तिथे युनिटं केबलने जोडलेली होती, म्हणून मी तारेकडे बघितलंच नाही. शेवटी पोर्टवर जोडणीचा वेग पाहिला तर १००. फॉल्स सीलिंगचं काम करताना एक खिळा केबलच्या आवरणातून आत गेला होता आणि एक जोडी तुटली होती. तेव्हापासून कुठेही गेलो की पहिल्यांदा प्रत्येक पोर्टची जोडणी किती वेगाची आहे ते पाहतो. काही स्वस्त मेश युनिटांचे पोर्टच १०० मेगाबिटचे असतात, तेही तपशिलात आधी वाचा. वायफाय १२०० असं खोक्यावर मोठ्या अक्षरांत आणि पोर्ट मात्र १००, असे संच अजूनही मिळतात.

केबलवर ११० आले आणि वायफायवर खोलीतल्याच युनिटवरूनही १०-१५ च्या वर जात नसेल, तरच पुढचं वाचा. सुरक्षेचं सेटिंग जुनं टीकेआयपी असेल तर वायफाय ५४ मेगाबिटच्या जुन्या वेगांवर उतरतं, ते डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ वर न्या. लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर बंद करून पाहा. लाइनवाल्यांच्या डब्यातलं वायफाय अजून चालू असेल तर ते बंद करा, आणि मेश राउटर मोडमध्ये असेल तर दोघांपैकी एकालाच राउटरचं काम करू द्या. नाहीतर नॅस एका जाळ्यात आणि लॅपटॉप दुसऱ्या, असा प्रकार होतो. तुमचा नॅस मेशला जोडलेला आहे म्हणून तुम्हाला हा त्रास बहुधा नसेल.

फोटोंची गोष्ट वेगळी आहे, कारण तुम्ही व्हिडिओबरोबर हजारो फोटोही टाकत असाल. प्रत्येक फाइलमागे नॅसशी उघडा-लिहा-बंद करा असा संवाद होतो, अँटिव्हायरस प्रत्येक फाइल चाळतो, आणि डिस्कची सुई इथून तिथे पळते. ४० जीबीची एक फाइल आणि ४० जीबीचे दहा हजार फोटो यांच्या वेळात कितीतरी फरक पडतो आणि त्यात वायफायचा दोष थोडाच असतो. विंडोजमधल्या रोबोकॉपी या कमांडने एका वेळी आठ फाइली पाठवता येतात, त्याने फोटोंचा वेग चांगलाच सुधारतो. शिवाय मध्येच जोडणी तुटली तर पुन्हा चालवल्यावर ती पोचलेल्या फाइली सोडून उरलेल्याच घेते.

इथे एक कळकळीची विनंती. वायफायवरून शूटिंग ‘कट’ करून ‘पेस्ट’ करू नका. कॉपी करा, नॅसवरच्या फाइलींची संख्या आणि आकार मूळ कार्डाशी ताडून पाहा, मोठ्या दोन-चार फाइली शेवटपर्यंत चालवून बघा, आणि मगच कार्ड पुसा. कोणाच्या घरचं लग्न पुन्हा लागत नाही.

आता मेशची मांडणी. तुम्हाला हॉलमधल्या टीव्हीवर नॅसवरचे व्हिडिओ पाहायचे असतील, किंवा घरातलं दुसरं कुणी खालून फाइली टाकणार असेल, तर युनिटांमधला दुवा, ज्याला आमच्यात बॅकहॉल म्हणतात, तो सुधारावाच लागेल. मागच्या खोलीत सिग्नल येत नाही म्हणून युनिट नेमकं त्याच खोलीत ठेवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तिथे सिग्नल येत नसेल तर त्या युनिटलाही तो येत नाही. युनिट ठेवायचं ते सिग्नल अजून चांगला आहे अशा अर्ध्या वाटेवर, आणि उघड्यावर. टीव्ही युनिटच्या कपाटात, चपलांच्या रॅकमागे, लोखंडी कपाटावर किंवा मोठ्या आरशाजवळ ठेवलं की धातू आणि आरशाचा मागचा थर रेडिओ लहरी परतवतात. फायबर दाराशी येतं म्हणून मुख्य युनिट तिथेच ठेवायलाच हवं असं नाही, फायबरच्या डब्यापासून दहा मीटर केबल ओढून ते घराच्या मध्याशी आणता येतं.

तुमच्या घरी जिन्याची पोकळी आहे, म्हणून हॉल ते जिना हा टप्पा बरा चालत असावा. जिना ते मागची खोली या वाटेत दोन भिंती आणि बहुधा बाथरूम आहे. टाइल्स, पाइप आणि पाणी ही ५ गिगाहर्ट्झची नावडती मंडळी. तिथे केबल टाका. जिन्यावरच्या युनिटपासून मागच्या खोलीपर्यंत एकच कॅट ६ टाकलीत तरी युनिटांमधली सगळ्यात कमजोर उडी हवेतून निघून जाते. हॉलपासून थेट टाकता आली तर उत्तमच. बहुतेक संच केबल दिसली की बॅकहॉल आपोआप तिच्यावर नेतात, अॅपमध्ये तशी खूण दिसते. तिसरा बँड असलेल्या महागड्या संचात युनिटांसाठी वेगळा रेडिओ असतो आणि त्याने हवेतल्या उड्यांची अडचण कमी होते, पण भिंत त्यालाही भिंतच. सावंतवाडीकडच्या एका चिऱ्याच्या घरात दोन जाड भिंतींपलीकडे कुठलाच रेडिओ नीट पोचेना, शेवटी पडवीच्या कडेने बाहेरून केबल नेली तेव्हा काम झालं.

केबल टाकताना टीव्हीच्या केबलची रिकामी नळी भिंतीत आहे का ते पाहा. इलेक्ट्रिशियन ज्या स्प्रिंगने वायर ओढतो त्याच स्प्रिंगने कॅट ६ ओढली जाते. विजेच्या वायरींच्या नळीतून मात्र ती नेऊ नका, ते धोक्याचंही आहे आणि गोंगाटही येतो. केबल शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल भरपूर विकली जाते. ती वजनाला हलकी लागते, आणि तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरी दिसते. ती दोन-तीन वर्षांत क्लिपपाशी तुटायला लागते आणि मग पुन्हा १०० मेगाबिटचं रडगाणं. दोन्ही टोकांना तारांचा क्रम एकच ठेवा, आणि क्लिप करणाऱ्याला पैसे देण्याआधी जोडणी गिगाबिटवर आली हे लॅपटॉप लावून पाहा.

चॅनलबद्दल थोडक्यात. भारतात २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा विनापरवाना खुला आहे, पण ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारला पहिला मान असतो. राउटरला रडारची चाहूल लागली की तो चॅनल सोडावा लागतो आणि तेवढ्यात तुमची कॉपी अडखळते. रोज ठराविक नसलेल्या वेळी मिनिटभर सगळं थांबत असेल तर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला चॅनल निवडून पाहा. पुष्कळ मेश संच ही निवड करूच देत नाहीत, तेव्हा त्यांना रात्री एकदा ‘नेटवर्क सुधारा’चा पर्याय चालवू द्यायचा.

तर आज रात्री एवढंच करा: अॅपमध्ये लॅपटॉप कुठल्या युनिटखाली आहे, लिंक स्पीड किती आणि ५ जीबीच्या फाइलचा वेग किती, हे तीन आकडे आधी वायफायवर, मग वायफाय बंद-सुरू करून, मग केबल लावून. नऊ आकडे मला कळवा. केबलवरही वेग ६० च्या वर गेला नाही तर नॅसची डिस्क आणि तिचं मॉडेलही लिहा, कारण एसएमआर प्रकारच्या (एकमेकांवर चढणाऱ्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) डिस्क सलग मोठं लिखाण करताना काही वेळाने दम टाकतात आणि मग आपल्याला तिथून सुरुवात करावी लागेल.